परळची शाळा आणि पिंपळनेरचा गोठा

पिंपळनेरहून निघणाऱ्या स्मरणिकेत परळच्या महाविद्यालयाचा इतिहास कशासाठी, असे काही वाचक विचारतील. विचारावेच. पण पांझरेकाठच्या या गावात, शेजारच्या सामोड्यात, वर कुडाशीच्या बाजूला किंवा दहिवेलला ज्या डॉक्टरांनी आपल्या गोठ्यात उकिडवे बसून जनावराचा ताप मोजला, त्यांच्या गुरूंचे गुरू शोधत मागे गेले की पाऊल बहुतेक वेळा परळच्या त्याच आवारात पडते. पशुवैद्यकाचे शिक्षण महाराष्ट्रात रुजले ते तिथे. पुढची महाविद्यालये याच वाटेने आली.

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झाले. तेव्हा खानदेश हा एकच अखंड जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी झाली ती १९०६ साली. १८८०च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये पिंपळनेर हे एका उपविभागाचे नाव आहे. धुळ्याला रेल्वे आली ती १९०० मध्ये, चाळीसगावहून फाटा काढून. म्हणजे महाविद्यालय उघडले त्या साली इथल्या माणसाला परळ गाठायचे तर आधी बैलगाडीने मुक्काम करत करत मोठ्या लोहमार्गापर्यंत जावे लागे. वाटेत बैलाने चारा टाकला तर प्रवास तिथेच थांबला. बैल हेच त्या काळचे इंजिन होते आणि ते बंद पडले तर बघणारा कुणी नव्हता.

परळला मात्र महाविद्यालयाच्या आधी इस्पितळ आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मुंबईत १८७४ साली दोन गोष्टी घडल्या. रुळांवरून घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. दोन्हींचा संबंध लावायला इतिहासकार लागत नाही. ट्रामचे, टांग्यांचे, लष्कराचे आणि अरबस्तानातून बंदरात उतरणारे घोडे, गोदीतले बैल, शहरभर पसरलेल्या तबेल्यांतल्या म्हशी, इतकी जनावरे मुंबईत राबत होती. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी मोठी देणगी दिली आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला ‘बाई सकरबाई दिनशा पेटिट’ जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. त्याच आवारात महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून आजारी जनावर समोर दिसत होते, पाठ्यपुस्तक नंतर. हे सगळे सरकारी शहाणपणातून झाले असे मानण्याचे कारण नाही. देणगीदार पारशी, संस्था नागरिकांची आणि सरकारला लष्करी घोड्यांची काळजी. तीन वेगवेगळ्या गरजा एका आवारात आल्या, एवढेच. शेतकऱ्याचा बैल या तिन्हींत कुठेच नव्हता. तो पुढे हळूहळू आत शिरला.

पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करातले पशुवैद्य. हा माणूस लिहिता होता. बैल, कुत्रा, मेंढी, हत्ती, उंट अशा एकेका जनावराच्या रोगांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली, आणि मुंबईत येण्याआधीच १८८३ पासून पशुवैद्यकाचे एक त्रैमासिक चालवले. १८९१ साली, चाळिशीही गाठली नसताना, त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्या नावाने पदक ठेवले. मुंबईत त्यांना जेमतेम चार-साडेचार वर्षे मिळाली, पण संस्थेला वळण लागायला तेवढी पुरली असावीत.

स्टील यांच्या आधीच्या कामातली एक हकिकत इथे सांगतो, कारण तिचा धागा थेट आपल्या मुलखापर्यंत येतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला डेरा इस्माईल खान भागात सर्रा झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा एक जंतू दिसला. हाच रोगाचे मूळ, असे त्याने म्हटले. वरिष्ठांनी मानले नाही. रक्तात काहीही दिसते म्हणून तेच रोगाचे कारण असे थोडेच, हा त्यांचा पवित्रा. पाच वर्षांनी ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये स्टील यांना तोच जंतू सापडला आणि त्यांनी त्याला इव्हान्सचे नाव दिले. गंमत म्हणजे तो कोणत्या कुळातला हे स्टील यांनीही चुकीचेच ओळखले. कूळ पुढे बदलले, इव्हान्सचे नाव मात्र आजही त्याला चिकटलेले आहे. सर्रा चावऱ्या गोमाशीच्या तोंडातून पसरतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत उभे राहिलेले घोडे असोत, आपल्या साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांची सामान वाहणारी घोडी असो की गुजरातेतून उतरणारे रबाऱ्यांचे उंट, ताप येतो-जातो, अंग झडते, पोटाखाली सूज उतरते आणि मालक म्हणतो ‘खाऊनही लागत नाही’. अशा वेळी आजही रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावाच लागतो. इव्हान्सला जे करावे लागले, तेच.

परळचा सुरुवातीचा अभ्यासक्रम पदविकेचा, तीन वर्षांचा. उत्तीर्ण झालेल्याच्या नावापुढे ‘जीबीव्हीसी’ ही अक्षरे लागत. जुन्या मंडळींच्या लेटरहेडवर ती दिसत असत. स्वातंत्र्याच्या आगेमागे पदवी आली, पुढे महाविद्यालय कोकण कृषी विद्यापीठाकडे गेले आणि २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर त्याच्या छत्राखाली आले. या बदलांची कागदपत्रे भरपूर आहेत आणि वाचायला तितकीच रूक्ष. त्याहून बोलके आहे ते समाजाचे वागणे. माणसांच्या डॉक्टरला ओसरीवर खुर्ची आणि ढोरांच्या डॉक्टरला गोठ्यात बादली उपडी घालून, ही पद्धत फार काळ चालली. लग्न जमवतानाही ‘मुलगा डॉक्टर आहे’ म्हटल्यावर ‘कशाचा?’ हा प्रश्न ठरलेला. आता मुलींची संख्या वाढल्यावर हाच प्रश्न मुलींच्या बाबतीत विचारला जातो, एवढीच सुधारणा.

परळमधून शिकून बाहेर पडलेल्यांच्या पहिल्या पिढ्यांना खेड्यात ज्याच्याशी सामना करावा लागला तो रोग म्हणजे बुळकांडी. आज पन्नाशीच्या आतल्या शेतकऱ्याने तो पाहिलेला नसणार. कडक ताप, डोळ्यांतून धार, हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे व्रण, मग हगवण अशी की जनावर उभ्या-उभ्या रिकामे व्हावे. आठवडा-दहा दिवसांत खेळ आटोपे. एका गोठ्यात शिरला की दावणच्या दावण मोकळी. गावे मरीआईला नारळ देत, वेशीबाहेर गाडा ओढून सोडत, जनावरांना डाग देत. या उपायांना हसणे आज सोपे आहे. पण तेव्हाच्या शिकलेल्या डॉक्टरकडेही सुरुवातीला औषध नव्हतेच. त्याच्याकडे होती ती फक्त ओळख. तोंडातले व्रण पाहून तो खूर उचले. खुरांच्या बेचक्यात फोड असतील तर लाळ्या खुरकुत. मोठी जनावरे बहुधा तगतील, घाबरू नका. खूर स्वच्छ असतील तर बुळकांडी. आजच्या आज जनावरे वेगळी करा, पाणवठा तोडा, बाजार बंद. खूर उचलून पाहण्याच्या त्या एका कृतीवर सगळ्या गावाचे पशुधन ठरत असे. परळने खेड्याला जे दिले त्यात मी या ओळखीला लसीच्याही वर ठेवतो.

लसही आलीच. पुण्यात १८८९ साली निघालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलली, तिथे जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात शेळीच्या अंगात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेतला शेवटचा टप्पा लोकांना विचित्र वाटला. लस बंद करून डॉक्टर आणि पर्यवेक्षक गावोगाव फक्त चौकशी करत फिरू लागले: तोंड आले आहे का, हगवण लागली आहे का, कुणाचे मेले का? लस असताना देत का नाही, म्हणून बोलणी खाल्ली. पण लसीमुळे रोग झाकला गेला आहे की खरेच संपला आहे, हे लस थांबवल्याशिवाय कळणार नव्हते. भारतातली शेवटची लागण १९९५ सालची. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. माणसाने मुद्दाम संपवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. बुळकांडीचा धाकटा भाऊ, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, अजून ठेलाऱ्यांच्या कळपात डोके वर काढतो.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरचे पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे आले. श्रेणी एकला पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी दोनला पदविकाधारक पर्यवेक्षक. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पदवीधरच वैद्यकी करील, पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्याव्यात, असे ठरले. कागदावर नेमके आहे. डोंगरकपारीतल्या पाड्यावर रात्री गाय अडली की जो येतो तो डॉक्टर. फिरत्या दवाखान्यासाठी आता फोन लावायचा क्रमांक १९६२. जिल्हा परिषदांचे साल आणि हा आकडा एक यावा हा निव्वळ योगायोग, पण जुन्या कर्मचाऱ्यांना तो लक्षात ठेवायला सोपा जातो.

दवाखान्यात निदान कसे होते हे बाहेरच्याला फारसे माहीत नसते, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. समजा सामोड्याच्या शिवारातली संकरित गाय. ‘खात नाही, दूध आटले’ एवढीच तक्रार. चांगला डॉक्टर आधी जनावराला हात लावत नाही. लांबून पाहतो: पाठ कमानली आहे का, कोपरे बाहेर काढून उभी आहे का, रवंथ चालू आहे का, शेण कसे पडले आहे. मग मालकाला विचारतो आणि प्रश्न औषधाचा नसतो. कधी व्याली? काल काय घातले? घराचे किंवा गोठ्याचे बांधकाम चालू आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मालक चक्रावतो. मग ताप, गायीचे १०१-१०२ फॅरनहाइट हे नेहमीचे, आपल्या अंगाच्या मापाने मोजायचे नाही. नंतर डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायची आणि घड्याळ पाहायचे. निरोगी कोठीपोटाची लाट मिनिटाला एक-दोनदा मुठीला वर ढकलते. ती येतच नसेल, पाठीचा कणा चिमटीत धरला की गाय कण्हत असेल, चढणीवर चालते पण उताराला नकार देत असेल, तर बांधकामाचा प्रश्न आठवा. सळईचे, तारेचे टोक वैरणीबरोबर पोटात गेले आहे आणि काळजाकडे सरकते आहे. अशा गायीला भुकेच्या गोळ्या आणि सलाइन देऊन आठवडाभर खर्च करणारे पुष्कळ असतात. गाय मेल्यावर पोट फाडले की तार सापडते, आणि मग सगळ्यांनाच निदान येते.

हीच तक्रार घेऊन आलेली दुसरी गाय ज्वारीचे पीक काढल्यानंतर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत शिरलेली असू शकते. तिथे तासभरही हातात नसतो. श्वास धापा टाकत, रक्त चेरीसारखे लालभडक. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून गेले तर वाचते. तिसऱ्या गायीच्या मानेतल्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या, अंगावर गोचिडे, ताप १०५ च्या वर. तिथे काचपट्टी आणि जिम्सा रंग. तक्रार एकच, तीन वेगळे रोग, तीन वेगळी औषधे. आणि एक सूचना जी परळमध्ये पहिल्या वर्षापासून कानात घातली जाते: जनावर एकाएकी मेले, नाकातोंडातून काळसर न गोठणारे रक्त आले, तर शवविच्छेदन करायचे नाही. फाशी असेल तर आतले जंतू हवेत आले की बीजाणू बनतात आणि वर्षानुवर्षे जमिनीत टिकतात. कानाच्या टोकातून एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, रंगवून पाहायचा, आणि जनावर कातडीसकट खोल पुरायचे. कातडे सोडवण्याचा मोह ज्या घरात टळला नाही तिथे माणसांच्या हातावर काळ्या पुळ्या उठल्या आहेत.

आपल्या पट्ट्याचा निदानाशी संबंध पुढे अशा रीतीने आला की दिल्लीलाही दखल घ्यावी लागली. २००६ चा फेब्रुवारी. चरणमाळचा घाट उतरला की नवापूर तालुका. तिथल्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या भराभर मरू लागल्या. आधी सगळ्यांना वाटले राणीखेत, म्हणजे मानमोडी. ती दरवर्षीचीच. मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला उत्तर आले: एच-पाच-एन-एक, बर्ड फ्लू. भारतातली ही पहिली नोंद. त्यानंतरचे आठवडे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. राज्यभरातून पशुवैद्यकांची पथके आली, पांढऱ्या अंगरख्यांत, गॉगल लावून. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंडी गाडली. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही रोग निघाला. पिंपळनेरच्या बाजारात कोंबडी फुकट मिळाली तरी कुणी घेईना. नवापूरच्या व्यावसायिकांचे कंबरडे मोडले, हे खरे आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण पहिले नाव चूक पडले तेव्हा गेलेले दिवसही याच हिशेबात धरावे लागतात.

त्याच वर्षी डायक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झाले. लंगडणाऱ्या, तापलेल्या, म्हाताऱ्या, कसल्याही जनावराला टोचायचे हे स्वस्त औषध. ते अंगात असताना मेलेले ढोर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती आणि देशातली गिधाडे दहा-पंधरा वर्षांत जवळपास संपली होती. कारण सापडले २००४ मध्ये. हे औषध वाईट नव्हते. निदान न करता प्रत्येक दुखण्यावर एकच सुई मारण्याची सवय वाईट होती, आणि तिची किंमत गावकुसाबाहेर मेलेले ढोर साफ करणाऱ्या पक्ष्यांनी दिली. आपण पशुवैद्यक हे प्रकरण फारसे उगाळत नाही. उगाळायला हवे.

मग लंपी. ४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या वर्षीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली. म्हणजे पुन्हा खानदेशच. अंगभर गाठी, पायांना सूज, दुधाला उतार. चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडे यांच्यामार्फत प्रसार. इथे लोकांनी पहिल्या दिवशी ‘देवी’ म्हटले आणि ते अगदीच चूक नव्हते; विषाणू त्याच कुळातला आहे, आणि साथ रोखायला शेळ्यांच्या देवीची लसच वापरली गेली. म्हशी बहुतांशी सुटल्या. बैलबाजार बंद झाले, पोळ्याला बैल घरच्या अंगणातच ओवाळले गेले. त्याच ऑगस्टमध्ये देशी लसीची घोषणा झाली आणि तिच्या उत्पादनाचे काम पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडेही सोपवण्यात आले. २००६ च्या तुलनेत या वेळी गावातून दवाखान्यापर्यंत फोन लवकर गेला. फोटो व्हॉट्सअॅपवर आले, गाठी मोजून आल्या. निदान फोटोवरून करू नये हे खरे, पण कुठे धावायचे ते फोटो सांगतो.

परळचे महाविद्यालय आज गोरेगावच्या आरे परिसरातही पसरले आहे. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी जिथे १९४९ पासून नेल्या त्याच भागात. परळच्या इस्पितळात आता कुत्री-मांजरेच जास्त येतात आणि खेड्यातून आलेल्या मुलाला गाय पाहायला गोरेगाव गाठावे लागते, ही एक मौज. नागपूर १९५८, परभणी १९७२, उदगीर १९८७, शिरवळ १९८८ अशी पुढची महाविद्यालये निघाली. यादी नीट वाचली तर खानदेश तिच्यात नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू आणि राज्यातल्या लंपीची मोठी साथ ज्या पट्ट्यातून निघाली, त्या पट्ट्यातला विद्यार्थी शिकायला चारशे किलोमीटर जातो. नीटच्या गुणांवर प्रवेश असल्याने कोकणा, मावची, भिल्ल घरांतली मुलेमुलीही आता थोड्या प्रमाणात जात आहेत. त्यांच्या घरात डांगी गाय असते, तिला काय होते हे त्यांना पुस्तकाआधी माहीत असते.

महाविद्यालयाची मागणी जुनी आहे आणि ती व्हावी तेव्हा होईल. तोवर एक साधी गोष्ट मागायला हरकत नाही. पश्चिम पट्ट्यातल्या प्रत्येक श्रेणी एकच्या दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक, ताजा जिम्सा रंग, नमुना बर्फात घालून पाठवायची पेटी, आणि लसीकरणाच्या उद्दिष्टांतून सुटून काचपट्टी पाहायला रोज तासभर मोकळा असलेला डॉक्टर. यातल्या पहिल्या तीन गोष्टींचा खर्च एका मध्यम दुभत्या गायीच्या किमतीपेक्षा फार जास्त नाही. चौथीसाठी रिक्त पदे भरावी लागतील. या स्मरणिकेचा प्रकाशन समारंभ झाल्यावर संयोजक मंडळी जिल्हा परिषदेत जाणारच आहेत, तेव्हा निवेदनात हा मुद्दा पहिला घालावा, असे मी त्यांना सुचवले आहे.